फॅक्सच्या स्कॅन पानांपासून वर्ड फाईल: काही पानांचा ओसीआर (चित्रातला मजकूर संगणकानं वाचणं) नीट, काहींचा पूर्ण विस्कटलेला. कुठे चुकतंय?

मजकूर_हवा

एकूण १४० पानं, सगळी फॅक्सनं आलेली. साधारण ९० पानं फॅक्स सर्व्हरवर बहुपानी टिफ (चित्राच्या फाईलचा एक प्रकार) म्हणून आहेत. ३० पानं आधी कागदावर छापली गेली आणि नंतर स्कॅन होऊन पीडीएफ झाली. उरलेली २० थर्मल कागदावरची आहेत, पिवळी पडलेली. बहुतेक मजकूर इंग्रजी, ३५ पानं मराठी. दहा-बारा पानांवर आकड्यांचे तक्ते आहेत. या सगळ्यातून वर्डमध्ये दुरुस्त करता येईल असा मजकूर हवा आहे.

आतापर्यंत केलेलं असं:
- पीडीएफ थेट वर्डमध्ये उघडली. पान चित्र म्हणूनच येतं.
- टिफ फाईल टेसरॅक्ट ५ या ओसीआर प्रोग्रॅमला दिली. काही पानं जवळजवळ बरोबर, काहींत एक शब्द धड नाही. न जमलेली पानं स्क्रीनवर निम्म्या उंचीची, दाबल्यासारखी दिसतात.
- ती पानं इमेज एडिटरमध्ये ताणली, जेपेग केली आणि परत दिली. थोडा फरक पडला.
- पानावर बारीक ठिपके फार होते म्हणून डाग काढायचा फिल्टर लावला. त्यानंतर मराठी पानांतले अनुस्वार दिसेनासे झाले.

कोणत्या क्रमानं काय करावं? आणि कोणती पानं सरळ टाइप करून घेतलेली बरी?

काळापांढरा

दबलेली पानं हीच तुमच्या प्रश्नाची किल्ली आहे. ग्रुप ३ फॅक्समध्ये (आयटीयूचं टी.४ मानक) आडवं रिझोल्यूशन इंचाला २०४ पिक्सेल असतं. उभं मात्र मोडनुसार बदलतं: स्टँडर्डला ९८ ओळी, फाइनला १९६, सुपरफाइनला ३९१. म्हणजे स्टँडर्ड मोडचा पिक्सेल चौरस नसतो, रुंदीच्या दुपटीहून थोडा जास्त उंच असतो. टिफच्या टॅगमध्ये (चित्रासोबत ठेवलेल्या माहितीत) हे प्रमाण लिहिलेलं असतं, पण बरेच प्रोग्रॅम तो टॅग वाचत नाहीत आणि पिक्सेल चौरस धरून चालतात. पान चपटं दिसतं ते त्यामुळे. ओसीआरलाही अक्षरं चपटीच दिसतात.

आधी पानांची वर्गवारी करा, तीही नजरेनं नको, पिक्सेल मोजून. ए४ फॅक्सची रुंदी नेहमीची १७२८ असते. उंची ११५० च्या आसपास असेल तर स्टँडर्ड, २२९० च्या आसपास असेल तर फाइन, ४५०० च्या पुढे असेल तर सुपरफाइन. कागद लांब किंवा आखूड असेल तर आकडा मागेपुढे होतो, पण गट ओळखायला अडचण येत नाही. एकाच बहुपानी फाईलमध्ये दोन्ही मोडची पानं असू शकतात, कारण वेगवेगळे फॅक्स कुणीतरी एकत्र जोडलेले असतात. म्हणून फाईल आधी सुटी करा.

मग इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये किंवा तत्सम साधनात प्रत्येक पानावर हा क्रम:

१. १ बिटचं (नुसतं काळं-पांढरं) चित्र ८ बिट ग्रेस्केल (राखाडी छटांचं) करा. हे विसरलात तर पुढची मोजणी काळ्या-पांढऱ्यातच होते आणि कडा करवतीसारख्या निघतात.

२. आकार बदला. स्टँडर्ड पानाला रुंदी १४७ टक्के, उंची ३०६ टक्के. फाइनला रुंदी १४७, उंची १५३. दोन्हीकडून इंचाला ३०० मिळतात. फिल्टर लँक्झोस किंवा क्यूबिक घ्या. ‘निअरेस्ट नेबर’ नको, त्यानं नुसत्या ओळी दुप्पट होतात आणि अक्षरांना पायऱ्या पडतात.

३. पान तिरपं असेल तर आत्ता सरळ करा, आधी नाही. काळं-पांढरं पान फिरवलं की प्रत्येक आडवी रेघ तुटते.

४. हलका गॉशियन ब्लर (कडा किंचित धूसर करणं), सिग्मा १ च्या आत. मग ५० टक्क्यांच्या आसपास थ्रेशोल्ड, म्हणजे त्याहून गडद ते काळं आणि फिकट ते पांढरं.

५. पीएनजी किंवा ग्रुप ४ टिफ म्हणून जपा आणि रिझोल्यूशन टॅग ३०० चा लिहा. जेपेग अजिबात नको. अक्षरांच्या कडेला त्यात राखाडी लाटा उठतात आणि ओसीआर त्या अक्षरातच धरतं.

टेसरॅक्टला पान देताना पेज सेगमेंटेशन मोड (पानाची मांडणी कशी धरायची ते) ठरवून द्या. साध्या पत्राला ४ किंवा ६, रकाने विखुरलेल्या फॉर्मला ११. आपोआप ठरवणारा ३ फॅक्सच्या पानावर शिक्का, सही आणि कडेच्या काळ्या पट्ट्या यांनाच मजकुराचे ठोकळे समजतो. पानाच्या माथ्यावरची तारीख, नंबर आणि पान क्रमांकाची ओळ पाठवणाऱ्या मशीननं छापलेली असते. तेवढी पट्टी कापून टाका, नाहीतर ती प्रत्येक पानाच्या मजकुरात घुसेल. कापण्याआधी त्यातली तारीख फाईलच्या नावात घ्या, बऱ्याचदा पत्रावर दुसरी तारीख नसते.

आता टाइप कुठली करायची ते. १० पॉइंटच्या इंग्रजी मजकुरात लहान अक्षराची उंची स्टँडर्ड मोडला जेमतेम साडेसहा ओळी भरते. ‘ई’ हे लहान इंग्रजी अक्षर घ्या. वरची कमान, पोकळी, मधली रेघ, पोकळी, खालची कमान, असे किमान पाच थर त्याला लागतात. ८ पॉइंटला पाचच ओळी हातात असतात. एक ओळ इकडची तिकडे झाली की ‘ई’चं ‘सी’ किंवा ‘ओ’ होतं. चित्र ताणल्यानं मधली गेलेली रेघ परत येत नाही. तेव्हा स्टँडर्ड मोड आणि ८ पॉइंट किंवा त्याहून बारीक मजकूर एकत्र आले की ते पान ओसीआरच्या वाटेला लावू नका. पाठवणाऱ्याकडून फाइन मोडमध्ये परत मागवा, तेही होत नसेल तर टाइप करा.

रुळावरचा_कागद

वरच्या उत्तरात ९० पानांचं काम झालं. छापून स्कॅन केलेल्या ३० पानांबद्दल पहिला प्रश्न: त्यांची मूळ टिफ सर्व्हरच्या जुन्या फोल्डरात किंवा मशीनच्या मेमरीत खरंच नाही का? थोडी शोधाशोध करा. मूळ बिट मिळाले तर बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा जास्त फरक पडतो.

पीडीएफ असेल तर तिचं आधी पोट तपासा. पॉपलर या पीडीएफ साधनांच्या संचातल्या ‘पीडीएफइमेजेस’ या कमांडला यादीचा पर्याय दिला की आतल्या प्रत्येक चित्राचा पिक्सेल आकार, आडवं-उभं रिझोल्यूशन आणि कॉम्प्रेशन दिसतं. कॉम्प्रेशन सीसीआयटीटी (फॅक्सचं स्वतःचं) आणि रुंदी १७२८ दिसली तर आनंदाची गोष्ट. ती पीडीएफ म्हणजे मूळ फॅक्सच, फक्त वर वेष्टन आहे. तेच चित्र जसंच्या तसं बाहेर काढा. पीडीएफ व्ह्यूअरमधून ‘इमेज म्हणून सेव्ह’ करू नका, त्यात पान नव्यानं रंगवलं जातं. जेपेग दिसलं तर ते बहुधा खरोखर कागदावरून केलेलं स्कॅन.

जेबिग२ हे कॉम्प्रेशन दिसलं तर सावध. त्याच्या लॉसी (माहिती गमावणाऱ्या) प्रकारात एकसारखी दिसणारी अक्षरं एकाच नमुन्यानं बदलली जातात, आणि फॅक्सच्या धूसर छपाईत ६ आणि ८ सहज एकसारखे ठरतात. डेव्हिड क्रीझेल यांनी २०१३ मध्ये ऑफिस स्कॅनरमधला हाच दोष उघड केला होता. आकडे बदललेले होते आणि पान मात्र स्वच्छ दिसत होतं. अशा फाईलमधल्या तक्त्यांवर कागद बघितल्याशिवाय विसंबू नका.

छापलेला कागद हातात असेल तर नवीन स्कॅन करा: ३०० किंवा ४०० डीपीआय (इंचाला ठिपके), ग्रेस्केल. २०० वर केलं तर छापलेले फॅक्सचे ठिपके आणि स्कॅनरची जाळी यांचा मेळ पानभर बदलत जातो. एका पट्ट्यात अक्षरं जाड आणि पुढच्या पट्ट्यात बारीक येतात, कुठलाच थ्रेशोल्ड दोन्हींना चालत नाही.

थर्मल कागदाची २० पानं आजच स्कॅन करा, ती दर महिन्याला फिकी होत जातात. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून बाहेर काढा, काही प्लॅस्टिकमधली द्रव्यं अक्षरं उडवतात. चिकटपट्टी आणि हायलायटरचं तेच. लॅमिनेट कधीही करू नका, उष्णतेनं अख्खं पान काळं होईल. फ्लॅटबेडवर, ३०० डीपीआय, २४ बिट रंगीत. काळं-पांढरं करायचं काम स्कॅनरकडे सोपवू नका. मग तीन रंगांच्या थरांतला फक्त लाल थर घ्या. पिवळा कागद लाल प्रकाश जवळजवळ पांढऱ्याइतकाच परावर्तित करतो, त्यामुळे त्या थरात पार्श्वभूमी उजळते आणि अक्षर काळं राहतं. निळ्या थरात नेमकं उलट होतं. उजेड पानभर एकसारखा नसेल तर एकच थ्रेशोल्ड चालणार नाही, स्थानिक थ्रेशोल्ड (पानाच्या प्रत्येक भागाला वेगळा) लागतो. टेसरॅक्ट ५ मध्ये थ्रेशोल्डिंग मेथडची किंमत २ दिली की साउव्होला पद्धत लागते. फिक्या थर्मल पानांवर ती नेहमीच्या, पानभर एकच थ्रेशोल्ड लावणाऱ्या ओत्सू पद्धतीपेक्षा बरी चालते.

शिरोरेखा

मराठी पानांबद्दल.

अनुस्वार गेले ते डाग काढणाऱ्या फिल्टरमुळे. १० पॉइंटचा पूर्णविराम मूळ फॅक्समध्ये तीन पिक्सेल रुंद आणि स्टँडर्ड मोडला एक-दोन ओळी उंच असतो. अनुस्वार थोडा मोठा, पण त्याच घरातला. ३ बाय ३ चा मीडियन फिल्टर (डाग काढायचा नेहमीचा प्रकार) या दोघांनाही धूळ समजतो. इंग्रजी पानांतले दशांश चिन्हही त्यातच जातात, आणि ते जास्त घातक, कारण तिथे चूक नजरेला पडत नाही. फिल्टर लावायचाच असेल तर चित्र मोठं करायच्या आधी, मूळ आकारावर लावा, आणि फक्त एक किंवा दोन पिक्सेलचे सुटे ठिपके काढा. त्याहून मोठे डाग राहिले तर राहू द्या. चार फालतू स्वल्पविराम वर्डमध्ये काढता येतात, गेलेला अनुस्वार कुठून आणणार?

भाषेची फाईल मराठीचीच घ्या. हिंदीची चालते असं बरेच जण समजतात, पण हिंदी मजकुरात ‘ळ’ आणि ‘ऱ्या’ जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे तिथे इंजिन अडखळतं. टेसरॅक्टच्या ‘टेसडेटा बेस्ट’ या भाषा-फायलींच्या संचातली फाईल सावकाश चालते पण या पानांना तीच हवी. मराठी-इंग्रजी मिसळलेल्या पानाला दोन्ही भाषा जोडून द्या, ज्या भाषेचा मजकूर जास्त ती पहिली. पान निखळ मराठी असेल तर इंग्रजी जोडू नका. देवनागरी १ चा इंग्रजी नऊ आणि देवनागरी ० चा इंग्रजी ओ होतो तो इथूनच.

फॅक्समध्ये पोकळ्या भरतात आणि बारीक रेघा तुटतात, त्यामुळे चुका ठरावीक जोड्यांत येतात: ब आणि व, ष आणि प, ध आणि घ, भ आणि म, थ आणि य. ‘ख’ तुटून ‘रव’ होतो. शिरोरेखा तुटली की एका शब्दाचे दोन होतात. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ हमखास होतं. वर्डमध्ये ‘र्या’ शोधून एकेक बघा, ‘सगळं बदला’ दाबू नका. ‘कार्यालय’, ‘पर्याय’ मध्ये रफारच बरोबर आहे.

स्टँडर्ड मोडची मराठी पानं मात्र बहुतेक टाइपच करावी लागतील. देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असे मजले असतात. ९८ ओळींत खालच्या मजल्याला दोन-तीन ओळी येतात, ऱ्हस्व की दीर्घ उकार हे माणसालाही संदर्भावरून ठरवावं लागतं.

मजकूर_हवा

खूप मदत झाली. मोजून पाहिलं: ९० पैकी ५२ पानं फाइन, ३८ स्टँडर्ड. फाइनची पानं ३०० वर नेल्यावर मजकूर वाचनीय आला. तीन अडचणी उरल्या. एक, काही पानांवर वरपासून खालपर्यंत उभी काळी रेघ आहे आणि ती जिथून जाते तिथे प्रत्येक ओळीत एक फालतू ‘एल’ किंवा दंड येतो. दोन, वर्डमध्ये प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद होते. तीन, तक्ते.

काळापांढरा

उभी रेघ पाठवणाऱ्या मशीनच्या काचेवरच्या कणाची. फॅक्समध्ये सेन्सर जागेवर असतो आणि कागद सरकतो, त्यामुळे एकच कण अख्ख्या पानाला रेघ ओढतो. त्या फॅक्सच्या सगळ्या पानांवर ती त्याच जागी असेल. एकदा तिचा आडवा पिक्सेल क्रमांक शोधा आणि सगळ्या पानांना तोच द्या. एक ते तीन पिक्सेल रुंदीचा तेवढा पट्टा पांढरा करा. ज्या अक्षरांतून ती गेली ती मधोमध चिरली जातील, म्हणून लगेच आडव्या दिशेनं, पट्ट्याच्या रुंदीहून थोड्या मोठ्या मापाचं क्लोजिंग (फट बुजवणारी क्रिया) फक्त त्याच पट्ट्यावर करा. लांब उभ्या रेघा आपोआप काढणारी साधनं आहेत, पण ती तक्त्याच्या चौकटीही खातात. तक्त्याच्या पानांवर ती वापरू नका.

आडवे पट्टे दिसले तर प्रकार वेगळा आहे. ती फोनलाइनवरची चूक, एरर करेक्शन मोड बंद असताना आलेली. काही ओळी गेल्या, काहींच्या जागी वरचीच ओळ पुन्हा छापली गेली. तिथली माहिती पोचलेलीच नाही. त्या जागी चौकोनी कंसात ‘अवाच्य’ लिहा, अंदाजानं शब्द भरू नका.

परिच्छेद_खूण

वर्डच्या बाजूचं सांगतो. टेसरॅक्ट कागदावरच्या प्रत्येक ओळीशेवटी ओळ तोडतं आणि परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ सोडतं. ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये ‘स्पेशल’ बटणातून पॅराग्राफ मार्क निवडून या क्रमानं जा:

आधी ओळीशेवटी तुटलेले इंग्रजी शब्द. ‘हायफन आणि लगेच पॅराग्राफ मार्क’ शोधा, काहीच नको असं बदला, पण एकेक बघून, कारण काही हायफन खरे असतात. मग सलग दोन पॅराग्राफ मार्कच्या जागी मजकुरात कुठेच नसलेली खूण घाला, उदाहरणार्थ ‘##’. मग उरलेल्या प्रत्येक पॅराग्राफ मार्कच्या जागी एक स्पेस. शेवटी ‘##’ च्या जागी पॅराग्राफ मार्क. क्रम चुकला तर अख्खं पत्र एका परिच्छेदात गोळा होतं. पत्ते, याद्या आणि सहीखालच्या ओळी आधी बाजूला काढून ठेवा, त्यांच्या ओळी तशाच हव्यात.

टेसरॅक्ट दर पानानंतर फॉर्म फीड (पान संपल्याची खूण) घालतं, ते वर्डमध्ये पेज ब्रेक म्हणून येतं. तपासणी संपेपर्यंत ते काढू नका. कुठलं पान कुठे संपलं हे मूळाशी ताडताना लागतं.

‘पानाची हुबेहूब प्रत’ काढून देणाऱ्या प्रोग्रॅमचा मोह टाळा. अॅबी फाइनरीडर या ओसीआर प्रोग्रॅममध्ये ‘एक्झॅक्ट कॉपी’ निवडलं की प्रत्येक तुकडा वेगळ्या चौकटीत बसतो. दिसतं छान, पण मध्ये एक वाक्य घातलं की पुढचं काही सरकत नाही. ‘फॉर्मॅटेड टेक्स्ट’ किंवा ‘प्लेन टेक्स्ट’ घ्या आणि शीर्षकं वर्डच्या स्टाइलनं स्वतः द्या. सही आणि शिक्के चित्र म्हणूनच चिकटवा. मराठी मजकुराचा फॉन्ट बदलत नसेल तर फॉन्टच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा वेगळा रकाना असतो, तिथे निर्मला यूआय किंवा मंगल निवडा.

तक्ते दहा-बाराच आहेत. चौकट वर्डमध्ये हातानं आखा, स्तंभ एकेक कापून ओसीआर करा आणि चिकटवा. पूर्ण तक्ता एकदम दिला तर रिकामा रकाना गिळला जातो आणि पुढचे सगळे आकडे एक घर डावीकडे सरकतात.

शिरोरेखा

आकड्यांच्या स्तंभाला फक्त अंकांची यादी देऊन ओसीआर करता येतो. त्यानं शून्याचा ‘ओ’ होत नाही हे खरं, पण मग डागाचाही अंक होतो आणि तो चुकीचा आहे हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून दोनदा चालवा, एकदा यादीसह, एकदा यादीशिवाय. दोन्ही निकाल वर्डच्या ‘कम्पेअर’मध्ये टाका. जिथे फरक दिसेल त्या जागा मूळ चित्रावर बघा. ३ आणि ८, ५ आणि ६, १ आणि ७ या जोड्या फरक नसला तरी बघा, कारण पोकळी मुळातच भरलेली असेल तर दोन्ही वेळा तीच चूक होते. तक्त्याखाली बेरीज असेल तर स्तंभ स्प्रेडशीटमध्ये घेऊन बेरीज जुळवा. एक आकडा चुकला तर लगेच पकडला जातो. दोन चुका एकमेकींना छेदून जाऊ शकतात, म्हणून आडवी बेरीजही असेल तर तीही करा.

साध्या मजकुरासाठी टेसरॅक्टचं टीएसव्ही (तक्त्याच्या रूपातलं) आउटपुट काढा. प्रत्येक शब्दापुढे शंभरपैकी खात्रीचा आकडा येतो. ७० च्या खालचे शब्द आधी तपासा. पानाला २००० अक्षरं धरली तर ९८ टक्के अचूकता म्हणजे ४० चुका, ९५ टक्के म्हणजे १००. ४० दुरुस्त करता येतात. १०० शोधत बसण्यापेक्षा चांगल्या टंकलेखकाकडून ते पान नव्यानं टाइप करून घेतलेलं लवकर होतं.

रुळावरचा_कागद

एक राहिलं. मराठी पानं थोडी असतील तर गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्सनं उघडायचा मार्गही करून बघा, आत ओसीआर आपोआप होतो. फाईल २ एमबीच्या आत ठेवा आणि पान सुलट असू द्या. तक्ते आणि दोन स्तंभांची मांडणी तिथे टिकत नाही. कागद गोपनीय असतील तर मात्र ऑनलाइन काहीच चढवू नका, काम संगणकावरच करा.

आणि वर्ड फाईल तयार झाली तरी मूळ टिफ ठेवा. ओसीआरमायपीडीएफ या प्रोग्रॅमनं त्यांची पीडीएफ केली तर वर पानाचं चित्र आणि खाली शोधता येणारा मजकूर असं दोन्ही राहतं. त्यातले आडवं-उलटं पान सुलट फिरवायचे आणि तिरपं पान सरळ करायचे पर्याय चालू ठेवा, पण सफाईचा पर्याय बंद ठेवा. अनुस्वारांचं वर सांगितलंच आहे.